"हे कोणी लिहिलंय?" : कंपन्यांच्या रिव्ह्यूंमागची जुनी गोष्ट

कंपनीच्या नावावर कर्मचाऱ्याचा एक स्टारचा निनावी रिव्ह्यू पडला की एचआरच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय येतो ते मला आता बघून बघून पाठ झालंय: "हे कोणी लिहिलंय?" आत जे लिहिलंय ते खरं आहे का, अप्रेझल खरंच सहा महिने लटकलंय का, तो मॅनेजर खरंच सगळ्यांसमोर ओरडतो का, हे सगळं नंतर. आधी माणूस शोधा. मग गेल्या तीन महिन्यांत कोण कोण सोडून गेलं, कोणाला हाईक मिळाली नाही, कोण इंग्रजीत तीच ती स्पेलिंगची चूक करतं, अशी सीआयडीगिरी चालू होते.

निगेटिव्ह रिव्ह्यू आला तर कंपनीने काय करावं यावर हल्ली ढिगाने सल्ले मिळतात. पण ही नाव शोधायची खाज आली कुठून ते बघितलं की अर्धे सल्ले आपोआप कळतात, म्हणून जरा मागे जाऊ.

ग्लासडोअर वगैरे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निनावी राहून कंपनीला रेटिंग द्यायच्या साइट, यायच्या बऱ्याच आधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, याहू फायनान्सवर प्रत्येक शेअरचा एक मेसेज बोर्ड असायचा. तो होता खरं तर गुंतवणूकदारांसाठी, पण तिथे टोपणनावाने कंपनीतलेच लोक येऊन आतल्या गोष्टी सांगायला लागले. फेब्रुवारी १९९९ मध्ये रेथिऑन या शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने अशा २१ अनोळखी लोकांवर मॅसॅच्युसेट्समध्ये केस टाकली, आरोप असा की हे लोक कंपनीची गोपनीय माहिती फोडतायत. आरोपींची नावं माहीतच नव्हती, त्यामुळे कागदावर सगळे "जॉन डो", म्हणजे आपल्याकडे अमुक तमुक म्हणतात तसं. केसच्या जोरावर कोर्टाकडून समन्स काढून कंपनीने नावं मिळवली, त्यातल्या चौघांनी नोकरी सोडली आणि मे महिन्यात कंपनीने केस मागे घेतली. म्हणजे केस जिंकायची नव्हतीच, नावं हवी होती, ती मिळाली, विषय संपला. त्या काळात अशा "जॉन डो" केसेसचं पेवच फुटलं होतं.

याला पहिला नीट लगाम बसला तो जुलै २००१ मध्ये, न्यू जर्सीच्या अपील कोर्टात. डेंड्राइट नावाच्या कंपनीला याहूवर लिहिणाऱ्या एका अनामिकाचं नाव हवं होतं. कोर्ट म्हणालं असं नाही चालणार, आधी त्या माणसाला कळवा की तुझं नाव मागितलं जातंय, त्याने लिहिलेली नेमकी कोणती वाक्यं बदनामीची आहेत ते दाखवा, नुकसान झाल्याचा पुरावा आणा, आणि मग आम्ही त्याचा बोलण्याचा हक्क आणि तुमची केस तोलून बघू. त्या कंपनीला नाव मिळालं नाही. आजही अमेरिकेत अनामिक माणसाचं नाव उघड करायचं का हा प्रश्न आला की या निकालाचा दाखला देतात.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅन्सस सिटीच्या सर्नर कंपनीत जे झालं ते तर एचआरच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं. सीईओ नील पॅटरसनने साधारण ४०० मॅनेजरांना एक मेल टाकला. सूर असा, की सकाळी आठला पार्किंग रिकामं, संध्याकाळी पाचला पण रिकामं, म्हणजे तुम्हाला तुमची माणसं काय करतात हे एकतर माहीत नाही नाहीतर पर्वा नाही, मी पार्किंग बघूनच मोजणार, सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसहाला ते भरलेलं दिसलं पाहिजे, शनिवारी अर्धं, दोन आठवडे देतो. आठवडाभरात तो मेल जसाच्या तसा याहूच्या बोर्डवर. तीन दिवसांत शेअर २२ टक्के पडला. म्हणजे कोणी रिव्ह्यू लिहिलाच नव्हता, साहेबांनी स्वतःच स्वतःचा लिहिला आणि कोणीतरी फक्त चिकटवला! आता तो कोणी चिकटवला हे शोधून शेअर वर आला असता का? पॅटरसनने नंतर माफीचा मेल पाठवला, तोही अर्थात सगळ्यांना उद्देशून.

डॉटकॉमचा फुगा फुटताना, २००० साली, फिलिप कॅप्लन नावाच्या पोराने कुठली कंपनी कधी बुडणार यावर पैजा लावायची एक साइट काढली होती. फास्ट कंपनी या मासिकाच्या नावाची टर उडवलेली, खरं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. तिथे लेऑफच्या बातम्या आणि आतले मेमो आधी यायचे, मॅनेजरला नंतर कळायचं.

ग्लासडोअरची कथा मात्र एका प्रिंटरपासून सुरू होते. रिच बार्टन, ज्याने एक्सपीडिया काढली, तो सांगायचा की एकदा कर्मचाऱ्यांच्या रेटिंगचा गोपनीय कागद प्रिंटरवर विसरला होता आणि घाम फुटला होता. पुढे रॉबर्ट होमन आणि टिम बेसी यांच्याबरोबर बोलताना प्रश्न उलटा झाला, की असा कागद सगळ्यांनाच दिसला तर बिघडतं काय? २००७ मध्ये कंपनी, जून २००८ मध्ये कॅलिफोर्नियात साइट चालू, आणि तीनच महिन्यांत लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकन बँक बुडाली, म्हणजे नोकऱ्यांबद्दल जगभर धास्ती असतानाच लोकांच्या हातात हे आलं. युक्ती साधी होती, तुम्हाला दुसऱ्यांचा पगार बघायचाय ना, मग तुमचा पगार नाहीतर एक रिव्ह्यू टाका. आपल्याकडे भिशीत कसं, आधी पैसे भरा मग नंबर. २०१८ मध्ये जपानच्या रिक्रूट ग्रुपने ती १.२ अब्ज डॉलरला घेतली, इनडीड ही नोकरी शोधायची साइट आधीपासून त्यांच्याकडे होतीच.

ग्लासडोअरने कंपन्यांना रिव्ह्यूखाली उत्तर द्यायची सोय दिली, ही माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. याहूवर कंपनीकडे दोनच रस्ते होते, गप्प बसा नाहीतर वकील गाठा. आता तिसरा मिळाला. पण बहुतेकांनी त्याचा वापर एकच साचेबंद उत्तर चाळीस ठिकाणी चिकटवायला केला, आणि ज्यांना तेही जड गेलं त्यांनी चौथा रस्ता शोधला, स्टार्सचा पाऊस पाडायचा. जानेवारी २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने आकडे तपासले तर ४०० हून जास्त कंपन्यांच्या रेटिंगमध्ये अशा संशयास्पद उड्या दिसल्या, अचानक एखाद्या महिन्यात पाच स्टारचे रिव्ह्यू धबाधबा.

वकिलांचा रस्ता बंद झाला होता असं पण नाही. झुरू ही न्यूझीलंडची खेळण्यांची कंपनी, तिने न्यूझीलंडमध्ये बदनामीची केस करायची म्हणून ग्लासडोअरकडे नावं मागितली आणि जुलै २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टाने ती द्यायला सांगितली. नावं मिळवल्यावर रेटिंग सुधारलं असेल का ते तुम्हीच ठरवा, त्या केसची बातमी मात्र जगभर झाली आणि ज्यांनी ते रिव्ह्यू कधी वाचले नसते त्यांनाही कळलं की असे रिव्ह्यू आहेत.

आपल्याकडे हा धागा थोडा वेगळ्या वाटेने येतो आणि त्यात मुंबई-पालघरचा हात मोठा आहे. माउथशट ही ग्राहकांच्या रिव्ह्यूंची साइट २००० साली मुंबईत फैसल फारुकी यांनी काढली. २०११ च्या आयटी नियमांत असं होतं की कोणी तक्रार केली की साइटने ३६ तासांत पावलं उचलायची, म्हणजे कंपनीच्या वकिलाची एक नोटीस आली की साइटवाला घाबरून रिव्ह्यू उडवणार. माउथशट याविरुद्ध २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं आणि लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, त्यातून श्रेया सिंघल ही याचिका उभी राहिली. सगळं एकत्र ऐकून २४ मार्च २०१५ ला निकाल आला: ऑनलाइन लिहिल्याबद्दल अटक करू देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द, आणि साइटला मजकूर काढायला लावायचा तर कोर्टाचा किंवा सरकारी आदेश हवा, नुसती नोटीस पुरत नाही. आज नोकरी डॉट कॉमवर जाहिरातीशेजारी जे अ‍ॅम्बिशनबॉक्सचं, म्हणजे आपल्याकडच्या ग्लासडोअरसारख्या साइटचं, रेटिंग दिसतं त्याला उभं राहायला जमीन या निकालाने दिली असं म्हणायला हरकत नाही. बदनामीचा फौजदारी कायदा मात्र तसाच आहे, पूर्वी दंड संहितेची कलमं ४९९-५००, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी होतं हेही दाखवावं लागतं.

आणि अनामिकच कशाला, नावानिशी लिहा ना, असं मॅनेजर लोक म्हणतात तेव्हा मला गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागण्यांचं निवेदन दिलं ते ५,५०० जणांच्या नावानिशी: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. (पगार वेळेवर होत नाही हा आजही अ‍ॅम्बिशनबॉक्सवरचा लाडका विषय आहे, घ्या.) ५,५०० जणांना एकदम काढता येत नाही म्हणून सही करायची हिंमत होते. पाच जणांच्या टीममधल्या एकट्या टेस्टरला, ज्याचं रिलीव्हिंग लेटर अजून एचआरच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याला ती आडोशाची भिंत म्हणजे टोपणनाव. तरी रविवार मिळायला गिरणीवाल्यांना पण १८९० उजाडलं.

ही सगळी मागची गोष्ट माहीत असली की उत्तर कसं द्यावं ते फार गहन राहत नाही. शिवीगाळ असेल, कंपनीचं गुपित असेल, कोणा साध्या कर्मचाऱ्याचं नाव घेतलं असेल तर साइटकडे फ्लॅग करा, नियम त्यासाठीच आहेत. बाकीला खऱ्या माणसाने, स्वतःचं पद लिहून, त्याच मुद्द्यावर दोन ओळी. अप्रेझल लटकलंय तर हो लटकलंय, अमुक महिन्यात होईल. चुकीचं असेल तर आकडा द्या, टोमणा नको. आणि तुम्ही कोण, जरा फोन करा, हे तर अजिबात नको, कारण वाचणारा लिहिणाऱ्याचा नाही तर तुमचा स्वभाव वाचत असतो.

मी हिंजवडीत होतो तिथे एका शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून पाच स्टार टाकायला लावले होते, समोसे पण होते, आणि स्क्रीनशॉट एचआरला पाठवायचा होता. रेटिंग ३.१ वरून ३.८ झालं. दिवाळीपर्यंत परत ३.३, आणि सगळ्यात वरचा रिव्ह्यू: "इथे रिव्ह्यू टाकायला लावतात, स्क्रीनशॉट मागतात, समोसे बरे असतात." त्याखाली कंपनीचं उत्तर होतं, थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल फीडबॅक.