जाड ऑइल घातल्याने गळती थांबत नाही

‘जुनी मोटरसायकल गळतेय? जाड ऑइल घाल, थांबेल.’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. गळती थांबत नाही, फार तर ठिबकणं मंदावतं. वर थंड इंजिनात ऑइल अगदी वरच्या भागापर्यंत (सिलिंडर हेडपर्यंत) पोचायला उशीर होतो. खरा दोष बहुधा कडक झालेल्या सीलचा (फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं) किंवा गॅस्केटचा (दोन भागांच्या सांध्यातला पातळ थर).

थेंब पडतो तिथेच गळती असते असंही नाही, वाऱ्याने ऑइल मागे पसरतं. गार इंजिन स्वच्छ पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरा, १० मिनिटं चालवा. पावडर सगळ्यांत वर जिथे भिजली असेल, तिथे बघा. ब्रीदरची नळी (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) तुंबलेली असेल तर आतल्या दाबाने नवं सीलही गळेल. आणि बोल्ट करकचून आवळू नका; ॲल्युमिनियमचे आटे गेले की रडायची पाळी येते.