स्पोर्ट्स कार आणखी खाली का नसते?

कोस्टल रोड आणि अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईत स्पोर्ट्स कारची चर्चा वाढली आहे, आणि तिच्याबरोबर एक समजही घट्ट होत चालला आहे. तो असा, की कंपनी गाडी उंच ठेवते ती केवळ खड्ड्यांच्या धास्तीने. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आखूड स्प्रिंगा बसवून गाडी तीन सेंटिमीटर खाली घेतली, की इंजिनिअरच्या मनातली खरी गाडी हाती लागते, असं तरुण मुलं छातीठोकपणे सांगतात. मला हा समज खोडून काढायचा आहे, कारण त्या तीन सेंटिमीटरमध्ये फार सुंदर भूमिती दडलेली आहे.

या समजात तथ्य आहे ते आधी सांगतो. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो हे गाडीच्या वजनाखेरीज तीन गोष्टींवर ठरतं: वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. गाडी १३०० किलोची, चाकांमधलं अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या ०.९ पट धरला, तर ३९० किलो भार बाहेर जातो. गुरुत्वमध्य ४७ सेंटिमीटरवर आणला तर ३६७ किलो. टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे भार चारही चाकांवर जितका सारखा वाटलेला, तितकी एकूण पकड जास्त. म्हणजे खाली घेण्याने फायदा होतो: सरकणारा भार सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो.

रस्त्याची अडचणही खरीच आहे, पण ती कुठे आहे ते नीट पाहायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्याच्या बरोबर मध्यावर आली, की पुढची-मागची चाकंही उंचवट्यावरच असतात. हिशेब केला तर पोटाखाली जेमतेम पाच सेंटिमीटर जागा लागते. याउलट गल्लीतला हातभर रुंदीचा, तेवढ्याच उंचीचा डांबराचा ढिगारा दोन्ही चाकांच्या मधे येतो आणि पूर्ण १० सेंटिमीटर मागतो. बारा सेंटिमीटर क्लिअरन्सची, म्हणजे पोटाखाली तेवढी जागा असलेली, गाडी त्यावरून जेमतेम सुटते, तीन सेंटिमीटर खाली घेतलेली घासते.

उंची कधीकधी कायदाही ठरवतो. १९७० च्या दशकात अमेरिकेने बंपर आणि हेडलाइटच्या उंचीचे नियम आणले, तेव्हा ब्रिटिश लेलँडने ‘एमजीबी’ या लाडक्या स्पोर्ट्स कारची नवी रचना करण्याऐवजी ती सरळ एक इंच वर उचलली. शिवाय जड रबरी बंपर लावले. गाडीचं वळणावरचं वागणं इतकं बिघडलं, की १९७७ च्या सुमारास सस्पेन्शनमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. उंची बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे वरच्या दिशेनेही जमत नाही आणि खालच्या दिशेनेही.

का जमत नाही, हा माझा आवडता भाग. पुढच्या चाकांना बहुतेक मोटारींत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली. पोर्शे ९११ ला पुढे स्ट्रटच होते. तिच्या जीटी३ आवृत्तीत डबल विशबोन (स्ट्रटऐवजी वर-खाली दोन आर्म) आले ते थेट २०२१ मध्ये. रचना साधी: खाली एक लोअर आर्म, त्याचं आतलं टोक गाडीच्या सांगाड्याला आणि बाहेरचं टोक बॉल जॉइंटने, म्हणजे सगळीकडे वळणाऱ्या गोल सांध्याने, चाकाला धरणाऱ्या भागाला, म्हणजे ‘नकल’ला (knuckle). नकलवर उभा स्ट्रट, त्याचं वरचं टोक बॉनेटखाली पत्र्याला.

आता गाडीकडे समोरून पाहतो आहोत असं समजा आणि कागदावर एकाच चाकाची बाजू काढा. स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात एक रेघ गाडीच्या आत ओढा. लोअर आर्मची रेघही तशीच आत वाढवा. दोन्ही रेघा बऱ्याच लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूला भेटतील. त्या बिंदूपासून, टायर जमिनीला टेकतो त्या जागेपर्यंत तिसरी रेघ काढा. ती गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे रोल सेंटर. वळणावर गाडीचं धड या बिंदूभोवती कलतं. कलवणारा जोर लागतो गुरुत्वमध्यावर, म्हणून गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतलं अंतर हा झाला तरफेचा हात. घट्ट नट सोडवताना लांब दांडीचा पाना घेतला की जोर कमी लागतो, तसंच हे: हात लांब, तर त्याच जोराने गाडी जास्त कलते.

कंपनीने सोडलेल्या उंचीला आर्मचं आतलं टोक किंचित वर असतं, आर्म बाहेरच्या बाजूला उतरता असतो. गाडी तीन सेंटिमीटर खाली घेतली की सांगाडा खाली येतो, चाक मात्र जमिनीवर जिथल्या तिथे राहतं. आर्म आडवा होतो, कधी उलटा चढताही होतो. पहिल्या दोन रेघांची भेट आणखी लांब आणि आणखी खाली होते, आणि तिसरी रेघ जमिनीकडे झोपते. मध्यम गाडीला साजेशी मापं घेऊन मी ही आकृती काढली, तेव्हा रोल सेंटर १६.५ सेंटिमीटरवरून ८.५ वर आलं. गुरुत्वमध्य उतरला तीन सेंटिमीटर आणि रोल सेंटर उतरलं आठ. तरफेचा हात ३३.५ वरून ३८.५ सेंटिमीटर झाला, म्हणजे १५ टक्के लांब. स्प्रिंग तितकीच नरम ठेवली तर खाली घेतलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलेल! सरकणारा भार मात्र आधीपेक्षा कमीच असेल. कलणं आणि भार सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते.

शिवाय चाक वर जाताना ते आतल्या बाजूला थोडं झुकावं, म्हणजे धड कललं तरी बाहेरचा टायर जमिनीवर सपाट राहील, अशी योजना असते. आर्म आणि स्ट्रटमधला कोन काटकोनाकडे सरकला की हे झुकणं कमी पडत जातं. स्टिअरिंगचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडीही आर्मच्याच चालीने वर-खाली व्हावा म्हणून त्याची लांबी आणि कोन मूळ उंचीभोवती जुळवलेले असतात. तो मेळ बिघडला की खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवताही चाक किंचित वळतं.

मग गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंग कडक टाकू. टाकावीच लागते. मूळ गाडीत चाकाला वर जायला आठ सेंटिमीटर जागा असेल तर आता पाच उरली. तोच धक्का पाच सेंटिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग (८/५)² म्हणजे अडीच पटींहून जास्त कडक हवी. इतकी कडक कोणी बसवत नाही, त्यामुळे चाक बंप स्टॉपच्या, म्हणजे त्याची वरची चाल थांबवणाऱ्या, रबरावर जाऊन आदळतं. मुंबईतल्या जेजे उड्डाणपुलाच्या वळणावर पुलाच्या दोन भागांमधला एखादा जोड लागला आणि बाहेरचं चाक त्याच क्षणी रबराला टेकलं, तर त्या कोपऱ्यात सस्पेन्शन जवळपास संपतं आणि पकड एकदम सुटू शकते. शर्यतीच्या गाड्या खाली असतात, पण त्यांचे आर्म आणि टाय रॉडचे जोडही त्या उंचीसाठी नव्याने आखलेले असतात, आणि ट्रॅक गुळगुळीत असतो.

दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडून गाडी सुरक्षित होत नाही, हे आता बऱ्याच जणांना पटतं. खोक्यावर ‘रेसिंग’ छापलेल्या स्प्रिंगवरचा विश्वास त्याच जातीचा आहे. बॉल जॉइंट आणि टाय रॉडची जागा सुधारणारे भाग, जुळणारे शॉकअप आणि नंतरचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) यांच्याशिवाय नुसती आखूड स्प्रिंग घेऊ नका. कायद्याचाही प्रश्न आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं.

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांनी तर आधी गाडीची उंचीच तपासावी. वर्षानुवर्षं भार सोसून स्प्रिंगा दबतात. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा. टायरची झीज या मापात येत नाही. आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. डाव्या-उजव्या बाजूंत एक सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, तर सौदा करण्याआधी स्प्रिंग तुटलेली आहे का ते गाडी वर उचलून बघा.