की-४६ : वेग हेच ज्याचे चिलखत होते

एप्रिल १९३७ मध्ये 'असाही' वृत्तपत्राच्या 'कामिकाझे' या विमानाने टोकियोहून निघून कोलकाता, कराची असे टप्पे घेत चार दिवसांच्या आत लंडन गाठले, तेव्हा युरोपने त्या उड्डाणाकडे एका वृत्तपत्राचे धाडस म्हणून पाहिले. प्रत्यक्षात ते मित्सुबिशीने जपानी लष्करासाठी घडवलेल्या की-१५ या टेहळणी विमानाचेच एक आरंभीचे रूप होते. त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. एका इंजिनाचे आणि पोटाखाली कायमची पसरलेली चाके असलेले हे विमान उद्याच्या लढाऊ विमानांपुढे फार काळ टिकणार नाही, हे लष्कराने वेळीच ओळखले आणि डिसेंबर १९३७ मध्ये त्याच्या वारसाची, म्हणजेच पुढच्या की-४६ या टेहळणी विमानाची, मागणी मित्सुबिशीकडे नोंदवली. अटी अवघड होत्या : सहा तास हवेत राहण्याची क्षमता आणि ताशी ६०० किलोमीटरचा वेग. त्या काळी सेवेत असलेल्या बहुतेक लढाऊ विमानांनाही तो वेग गाठता येत नव्हता.

आराखड्याची जबाबदारी तोमिओ कुबो यांच्याकडे आली. टोकियो विद्यापीठाच्या विमानविद्या संशोधन संस्थेच्या मदतीने त्यांनी हवेचा विरोध जिथे जिथे कमी करता येईल तिथे तो कमी केला : धड निमुळते, पंख पातळ, चाके आत ओढली जाणारी आणि इंजिनांवरची आवरणे घट्ट बसणारी. मोठी इंधनटाकी गुरुत्वमध्याजवळ ठेवावी लागल्याने वैमानिक पुढे आणि निरीक्षक बराच मागे, असे दोघे एकमेकांपासून दूर बसत. शस्त्र म्हणून मागच्या बाजूला एक ७.७ मिलिमीटरची मशीनगन होती. वजन वाचवण्यासाठी चिलखती पत्रे जवळजवळ वगळले होते. शत्रूने गाठूच नये, या एका गृहीतकावर हे सारे उभे होते.

नोव्हेंबर १९३९ मधील पहिल्या चाचण्यांत वेग ताशी ५४० किलोमीटरच्या आसपास अडला. तरीही लष्कराने विमान स्वीकारले आणि मित्सुबिशीने दोन वेगांच्या सुपरचार्जरसह (उंचावरच्या विरळ हवेत इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रासह) १०८० अश्वशक्तीची इंजिने बसवली. १९४१ मध्ये उडालेल्या या दुसऱ्या आवृत्तीने ६०० चा टप्पा ओलांडला. मलायावरील स्वारीपूर्वी तिथल्या किनाऱ्याची पाहणी करण्यापासून तिमोरमधून ऑस्ट्रेलियातील डार्विनपर्यंत आणि ब्रह्मदेशातून बंगालपर्यंतच्या फेऱ्यांपर्यंत, पुढची दीड-दोन वर्षे या विमानाचा पाठलाग करणे दोस्त राष्ट्रांना फार क्वचित साधले. 'डायना' हे नाव त्यांनीच त्याला दिले होते. कोलकाता-चितगावच्या आकाशात ते दिसले, तरी ब्रिटिशांची हरिकेन लढाऊ विमाने त्याच्या उंचीवर पोहोचेपर्यंत छायाचित्रे घेऊन ते परतीच्या वाटेला लागलेले असे. या विमानाचे खरे यश मला याच काळात दिसते, कारण आपल्या फौजांच्या हालचाली वरून टिपल्या जात आहेत हे कळत असूनही खालच्या सेनापतींना त्यावर इलाज नव्हता.

स्पिटफायर हे ब्रिटिशांचे अधिक वेगवान लढाऊ विमान आले आणि ही आघाडी संपली. ६ फेब्रुवारी १९४३ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या ५४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे (तुकडीचे) वैमानिक रॉबर्ट फॉस्टर यांनी डार्विनजवळच्या समुद्रावर एक की-४६ पाडले. ऑस्ट्रेलियाच्या आकाशात स्पिटफायरने मिळवलेला तो पहिला विजय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, चितगाव परिसरात स्पिटफायर नुकतेच दाखल झाले असताना, बंगालच्या सीमेवरही हाच अनुभव आला. पूर्वी सहज निसटणारी विमाने आता एकामागून एक पडू लागली, आणि आतापर्यंत वेगामुळे झाकलेल्या उणिवा जीवघेण्या ठरल्या, कारण चिलखत नसलेल्या, इंधनाने भरलेल्या विमानाला गोळ्यांचा एकच नेमका फटका पुरेसा होता.

उत्तर म्हणून आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत १५०० अश्वशक्तीची, थेट इंधन फवारणारी इंजिने होती. वैमानिकापुढे जादा इंधनटाकी आली, आणि वैमानिकाच्या कक्षापुढे पायरीसारखी उभी राहणारी काच जाऊन नाकापासून माथ्यापर्यंत एकच अखंड वक्र तयार झाला. ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले, या जातीचे आज उरलेले एकमेव विमान पाहताना नजर प्रथम त्याच वक्रावर जाते. वेग ताशी ६३० किलोमीटर झाला. या विमानांनी प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवरील अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेक्यांच्या तळांवर नजर ठेवली. पुढे त्यांच्यापैकी काहींवर तिरकी वर रोखलेली ३७ मिलिमीटरची तोफ चढवून त्यांना त्याच बॉम्बफेक्यांवर सोडण्यात आले. चढण्याचा वेग मुळातच कमी असलेल्या विमानाला हे काम झेपण्यासारखे नव्हते.

डिसेंबर १९४४ मधील भूकंप आणि त्यापाठोपाठचे हवाई हल्ले यांनी नागोया येथील उत्पादन खिळखिळे केले. टर्बोचार्जर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर चालणारा सुपरचार्जर) बसवलेल्या चौथ्या आवृत्तीच्या विमानांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये, पाठीशी वारा असताना, बीजिंगहून जपानपर्यंतचे सुमारे २३०० किलोमीटर अंतर सव्वातीन तासांत कापले. युद्ध संपेपर्यंत सर्व आवृत्त्या मिळून या जातीची सतराशेच्या आसपास विमाने बांधून झाली होती, पण या चौथ्या आवृत्तीची जेमतेम चार.