तिपोस देल पाईस

स्पॅनिश अमलाखालच्या फिलिपिन्समध्ये एकोणिसाव्या शतकात बहरलेली जलरंगचित्रांची एक परंपरा; नावाचा अर्थ ‘देशातले (लोकांचे) प्रकार’. कागदावर पूर्ण पोशाखातली एकच व्यक्ती, क्वचित जोडपे. पायांखाली जमिनीचा अरुंद पट्टा, मागे बहुधा कोरा कागद आणि तळाशी ती व्यक्ती कोणत्या समाजाची किंवा कोणत्या धंद्याची हे सांगणारी स्पॅनिश ओळ, अशी या चित्रांची नेहमीची मांडणी असते. व्यक्तीचे नाव दिलेले नसते. चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले वाटतात. चित्रकाराने जीव ओतलेला असतो तो कापडावर.

वसाहतीतल्या लोकांची ‘प्रकार’वार चित्रे काढण्याची हौस त्या काळी इतरत्रही होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी भारतात काढलेली कंपनी शैलीची चित्रे याच कुळातली. फिलिपिन्समध्ये मालास्पिना या स्पॅनिश शास्त्रीय सागरी मोहिमेबरोबर १७९२ मध्ये आलेल्या हुआन राव्हेनेट याने स्थानिक लोकांची चित्रे काढली होती. पुढे मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदराशी गॅलिअन या मोठ्या शिडाच्या जहाजांनी चालणारा व्यापार १८१५ मध्ये संपला आणि १८३४ मध्ये मनिला बंदर परदेशी व्यापाराला रीतसर खुले झाले. येणारे व्यापारी, खलाशी आणि अधिकारी मायदेशी नेण्यासाठी असे चित्रसंग्रह घेऊ लागले.

या परंपरेतले पहिले मोठे नाव दामियान दोमिंगो (मृत्यू १८३४) यांचे. मनिलाजवळच्या तोंदो येथे त्यांनी १८२१ च्या सुमारास स्वतःच्या घरी चित्रकलेची शाळा काढली. पुढे ‘रेआल सोसिएदाद एकोनोमिका’ (राजमान्य आर्थिक मंडळ) या संस्थेच्या चित्रशाळेचे ते संचालक झाले. तोवर फिलिपिनो चित्रकाराचे मुख्य काम चर्चसाठी संतांच्या प्रतिमा रंगवण्याचे होते. कपडे घातलेला साधा माणूस चित्राचा विषय होऊ शकतो, हे दोमिंगोंच्या कामाने ठसवले. राफाएल दानिएल बाबूम या कापडव्यापाऱ्यासाठी त्यांनी मनिलातल्या पोशाखांचा एक संग्रह रंगवला; तो आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. गिऱ्हाईक कापडाचा जाणकार असल्याने पोत, पट्टे आणि चौकडी यांच्याकडे इतके बारकाईने पाहिले गेले असावे, असे मानायला जागा आहे.

अननसाच्या पानांतून काढलेल्या तंतूंचे ‘पिन्या’ हे कापड रंगवणे म्हणजे चित्रकाराची परीक्षा. ते इतके तलम, की खालची त्वचा दिसते. म्हणून आधी दंडाचा, खांद्याचा रंग भरायचा, त्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि भरतकामाची फुले घट्ट पांढऱ्या रंगाने उठवायची. स्त्रियांच्या पोशाखात आखूड ‘बारो’ (चोळीसारखा झगा), लांब ‘साया’ (घागरा), सायावर घट्ट गुंडाळलेले गडद ‘तापिस’ हे वस्त्र आणि खांद्यांवरून घेतलेला ‘पान्युएलो’ हा रुमाल दिसतो. पाय बहुधा अनवाणी किंवा नाजूक सपातांमध्ये असतात. चौकडीच्या सुती कापडाला ‘काम्बाया’ म्हणत. ते नाव गुजरातेतल्या खंभात बंदरावरून आलेले आहे.

पुरुषांची चित्रे एका रूढ समजुतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. स्पॅनिशांनी फिलिपिनो पुरुषांना सदरा विजारीबाहेर सोडण्याची सक्ती केली होती, कमीपणा दाखवण्यासाठी, असे आजही सांगितले जाते. असा कायदा इतिहासकारांना सापडलेला नाही. चित्रांत तर श्रीमंत चिनी मेस्तिसो (चिनी व स्थानिक अशा मिश्र वंशाचे लोक) भरजरी सदरा ऐटीत बाहेर सोडून, डोक्यावर उंच हॅट आणि हातात छडी अशा थाटात उभे आहेत. गावचा प्रमुख ‘गोबेर्नादोर्सिल्यो’ त्याच सदऱ्यावर आखूड काळे जाकीट चढवतो. त्याच्या सालाकोट या रुंद, घुमटाकार टोपीवर कधी चांदीचे काम असते. हा पोशाख प्रतिष्ठेचा होता, हे चित्रे उघड सांगतात.

दोमिंगोंनंतर हुस्तिनियानो असुन्सिओन यांनी चेहऱ्यांनाही व्यक्तिमत्त्व दिले. ते उत्तम व्यक्तिचित्रकारही होते. होसे ओनोरातो लोसानो यांनी माणसांना बाजारात, रस्त्यावर, नदीकाठी आणून उभे केले. त्यांचा १८४७ चा संग्रह माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गिऱ्हाइकाच्या नावातले प्रत्येक अक्षर माणसांच्या आकृत्यांतून आणि मनिलाच्या दृश्यांतून घडवणारी ‘लेत्रास इ फिगुरास’ ही शैलीही लोसानोंनीच नावारूपाला आणली. ती या पोशाखचित्रांचीच पुढची वाट.

पुरावा म्हणून या चित्रांकडे पाहताना मात्र सावध राहावे लागते. विकायची चित्रे असल्याने मजुराच्या अंगावरही कपडे स्वच्छ आणि नवे दिसतात. यशस्वी आकृत्यांच्या नकला होत राहिल्याने एखादा पोशाख प्रचारातून गेल्यावरही चित्रांत टिकून राहिलेला असू शकतो. सही नसलेली पाने कोणाची, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नाही. शतकाच्या उत्तरार्धात मनिलात छायाचित्रांचे स्टुडिओ निघाले आणि ही मागणी त्यांच्याकडे वळली. तिथेही गिऱ्हाइकांना हवे होते ते हेच ‘प्रकार’. पिन्याची पारदर्शक झाक आणि तापिसचा रंग पाहायचा, तर मात्र अभ्यासकांना या जलरंगांकडेच यावे लागते.