अजिंक्यतारा खरंच कधी पडला नाही का?

आमच्या साताऱ्यात एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: 'अजिंक्यतारा कुणालाच जिंकता आला नाही, म्हणून तो अजिंक्य.' गडावरचं प्रेम मलाही आहे, पण हे खरं नाही.

डिसेंबर १६९९ मध्ये मोगल बादशहा औरंगजेबाने स्वतः येऊन वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये मंगळाई बुरुजापाशी सुरुंग उडवले. दुसरा सुरुंग उलटा फुटून मोगलांचेच शेकडो सैनिक दगडांखाली गाडले गेले. तरी काही दिवसांतच गड त्यांच्या ताब्यात गेला आणि त्याचं नाव 'आझमतारा' झालं. पुढे तो मराठ्यांनी परत घेतला.

मग उंच कड्यांचा उपयोग काय? त्यांनी वेळ मिळतो. एवढ्या मोठ्या फौजेलाही इथे चार महिन्यांहून जास्त अडकून पडावं लागलं. पण दाणागोटा आणि दारूगोळा कडा देत नाही, तो बाहेरूनच यावा लागतो. गडावरून सज्जनगड समोर दिसतो. मोगलांनी त्याच साली लगेच तोही घेतला, कारण हे गड एकमेकांच्या आधारावर उभे होते.

१८१८ साली इंग्रजांनी गड घेतला, तेव्हा तर महिनेही लागले नाहीत. तेच कडे, तेच दरवाजे. पण तोवर मराठी सत्तेची एकजूट मोडली होती, बऱ्याच मराठा सरदारांनी इंग्रजांशी वेगळे करार केले होते आणि गडाच्या मदतीला बाहेरून कुणी येणार नव्हतं.

पडताळून पाहायचं असेल तर वाचनालयात जिल्हा गॅझेटियर मागा आणि त्यात साताऱ्याच्या किल्ल्याची नोंद वाचा.