‘ड्राइव्हवर आहे’ म्हणजे बॅकअप आहे, असं नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यापासून निपाणीच्या तंबाखू वखारीपर्यंत हिशेबाच्या कॉम्प्युटरपाशी एकच उत्तर मिळतं: “काळजी नको, सगळं गूगल ड्राइव्हवर आहे.” हा समज चुकीचा आहे, आणि तो घात करतो.

ड्राइव्हला जोडलेलं फोल्डर ‘सिंक’ होतं, म्हणजे इथे जे होईल तेच तिकडे होतं. पोराने चुकून टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर डिलीट केलं, तर ते ड्राइव्हवरूनही जातं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, मग कायमचं पुसलं जातं. मार्चअखेरीला कुणी जुनं वर्ष उघडायला गेलं, की तेव्हा कळतं! २०१७ च्या ‘वॉनाक्राय’सारख्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फायली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फायलीच ड्राइव्हवर चढू शकतात. जुन्या आवृत्त्या काही काळ मिळतात, पण त्यांच्याच भरवशावर राहणं म्हणजे जिवाला घोर.

खरा बॅकअप म्हणजे वेगळी, जुन्या तारखेची प्रत. टॅलीतल्या ‘बॅकअप’ने ती बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि लगेच डिस्क काढून ठेवा, जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही धरतं. शिवाय एक प्रत दुसऱ्या गावी हवीच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चिकोडी-गोकाककडे घरंदारं पाण्यात गेली. अशा वेळी कॉम्प्युटरशेजारच्या कपाटातली डिस्क काय कामाची?

घरच्या फोटोंनाही हेच लागू. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘रिस्टोअर’ करून, उघडते का ते बघा.