टॉवरमध्ये खिडकी परत कशी आली

ऑफिसच्या टॉवरमधून उघडणारी खिडकी हद्दपार झाली ती साधारण 1950 नंतर. न्यूयॉर्कचं लिव्हर हाउस (1952) हा पुढच्या पिढीचा नमुना ठरला: बाहेरून बंद काच, आत एसी. त्याआधी उजेड आणि वारा पोचावा म्हणून टेबलं खिडकीपासून सहा-सात मीटरच्या आत ठेवावी लागत. ट्यूबलाइट आणि एसी हाताशी आल्यावर ते बंधन सुटलं आणि मजले ऐसपैस रुंद झाले. 1973 च्या तेलसंकटाने विजेचं बिल डोळ्यांत खुपू लागलं, तरी उंच टॉवरमध्ये खिडकी नीट परतायला आणखी वीसेक वर्षं गेली.

कारण उंचावर हवा कमी पडत नाही, ती आवरत नाही. सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा काचेवर सुमारे 60 पास्कल दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे 240. अशा वेळी साधी खिडकी उघडली तर कागद उडतात आणि दारं आपटतात. दुसरी अडचण चिमणीसारख्या ओढीची: आतली गरम हवा वर चढते आणि खालून बाहेरची थंड हवा ओढते. बाहेर 0 अंश, आत 21 आणि मध्ये 200 मीटरची सलग पोकळी असेल तर दाबातला एकूण फरक 180 पास्कलच्या आसपास जातो. त्यातला साधारण निम्मा तळमजल्याच्या दारावर येतो. दोन चौरस मीटरच्या दाराला मग मुठीपाशी नऊ किलोचा जोर लावावा लागतो, दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा ताण वेगळाच.

फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक टॉवरने (1997, नॉर्मन फॉस्टर, 259 मीटर) हे दोन्ही प्रश्न सोडवले. त्रिकोणी इमारतीच्या मध्यभागी सलग ॲट्रियम (मजल्यांमधून वर जाणारी मोकळी पोकळी) दिसतं, पण ते दर बारा मजल्यांवर काचेच्या पडद्याने तोडलेलं आहे. 45 मीटरच्या तुकड्यात वरचाच हिशेब मुठीपाशी दोन किलोवर येतो, शिवाय आगीत धूरही वरपर्यंत चढत नाही. चार-चार मजली उंचीच्या नऊ बागांमधून ॲट्रियमला हवा मिळते, म्हणून आतल्या बाजूच्या ऑफिसांनाही खिडकी उघडता येते. बाहेरच्या बाजूला दोन थर आहेत: पुढे स्थिर काच, मागे सुमारे 20 सेंटिमीटर पोकळी आणि त्यामागे कलती उघडणारी खिडकी. वाऱ्याचा झटका पुढची काच झेलते, हवा वरच्या-खालच्या फटींतून येते-जाते. हवामान बिघडलं की यंत्रणा खिडक्या बंद करून यांत्रिक वायुवीजन सुरू करते.

दुहेरी काचेत चूक होते ती बहुधा फटींच्या जागेत. खालच्या मजल्याची बाहेर पडणारी गरम हवा थेट वरच्याच्या आत शिरते. त्याच सुमारास जर्मनीतल्याच एसेनमध्ये झालेल्या आरडब्ल्यूई टॉवरमध्ये म्हणून आत येणारी आणि बाहेर जाणारी फट एकावर एक न ठेवता शेजारच्या खणात, तिरकी दिली. पोकळीही तिथे 50 सेंटिमीटर आहे. काच पुसणारा माणूस आत मावतो, हा फायदा आराखड्यात सहज दिसत नाही. पडद्यांच्या पट्ट्या पोकळीतच हव्यात. त्या आतल्या काचेमागे टाकल्या तर ऊन आधीच खोलीत आलेलं असतं.

लंडनच्या 30 सेंट मेरी ॲक्समध्ये (2004) गोल फिरत चढणारे उजेडकप्पे (मजल्यांच्या कडेला सोडलेल्या पोकळ्या) उजेडाइतकेच वायुवीजनासाठीही होते. पण इमारतीत एकापेक्षा जास्त भाडेकरू आले. सुरक्षितता आणि आवाजासाठी त्यांनी कप्प्यांच्या कडेला काचा लावून घेतल्या आणि हवेची वाट बुजली. एप्रिल 2005 मध्ये एक खिडकी निखळून खाली चौकात पडली, ती निराळी डोकेदुखी. बँकेने स्वतःसाठी बांधलेल्या टॉवरमध्ये जे चालतं ते भाड्याच्या इमारतीत टिकेलच असं नाही, हे फ्रँकफर्टचं उदाहरण देताना सहसा सांगितलं जात नाही.

मुंबईत हा आराखडा जसाच्या तसा उचलता येत नाही. कॉमर्झबँकेत छतातून गार पाणी फिरवून थंडावा देतात. अशा छतांत पाणी साधारण 16 अंशांचं असतं. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते) 24-25 अंशांवर असतो, म्हणजे खिडकी उघडी राहिली की छत टेबलांवर ठिबकणार. इथे गार छत हवं असेल तर पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवून हवा आधी कोरडी करावी लागते. खिडकी उघडायचे महिने मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हाही आड येते ती धूळ.